सोसायटीच्या आवारातलं पावसाचं पाणी: नव्या कमिटीने कामाला कुठून सुरुवात करावी

गेटपाशी गुडघाभर पाणी साचलं की बहुतेक कमिट्या पहिला फोन पेव्हर ब्लॉकवाल्याला करतात. पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. पेव्हर बदलतात, गटार रुंद होतं, नवी जाळी बसते आणि पुढच्या जुलैत पाणी पुन्हा त्याच जागी उभं राहतं. पाणी पातळीप्रमाणे चालतं, आणि आवारातल्या पातळ्या कोणी मोजलेल्याच नसतात. म्हणून कोटेशन मागवण्याआधी मोजणी करा. सगळा लेख या एका आग्रहावर उभा आहे.

तळमजल्यावर दुकानं, वर घरं, समोरचा रस्ता दर काही वर्षांनी उंच होत गेलेला, अशी जुनी इमारत इथे डोळ्यांपुढे धरली आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात ही स्थिती सर्रास दिसते. मोजणी आणि ठराव मार्च-एप्रिलमध्ये उरकावे आणि खोदकाम मेच्या मध्यापर्यंत संपवावं. जूनमध्ये उघडे राहिलेले चर स्वतःच डबकी होतात.

१. आधी कागद आणि साधनं गोळा करा

कागद:
- मंजूर नकाशा आणि त्यासोबतचा ड्रेनेजचा आराखडा (सोसायटीच्या फायलीत नसेल तर आर्किटेक्टकडे किंवा महापालिकेच्या बांधकाम विभागात)
- भोगवटा प्रमाणपत्र, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मोजणी नकाशा
- सर्वसाधारण सभेचा ठराव. खर्चाचा आकडा नंतर घालता येतो, पण कामाची मंजुरी आधी हवी
- गेल्या पावसाळ्यातले पाणी साचल्याचे फोटो, तारीख-वेळेसह. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते पडलेलेच असतात

साधनं: १५-२० मीटर पारदर्शक लेव्हल नळी (गवंडी वापरतात तीच), ३० मीटरची टेप, दोन मीटर लांबीची सळी, खडू, टॉर्च, चेंबरची झाकणं उघडायचे हुक आणि खाण्याचा गडद रंग. रंग कशाला, ते पाचव्या पायरीत येईल.

२. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते नकाशावर काढा

नकाशाची मोठी झेरॉक्स घ्या. गच्चीवरचं पाणी खाली आणणारा प्रत्येक डाऊनटेक पाईप, प्रत्येक चेंबर, प्रत्येक जाळी आणि गटाराचा प्रत्येक वळसा त्यावर मांडा. झाकण उघडून बघितल्याशिवाय चेंबर मांडू नका. जुन्या आवारात पेव्हरखाली गाडलेली एक-दोन चेंबरं हमखास निघतात, आणि बऱ्याचदा तुंबलेलं चेंबर त्यातलंच असतं.

हे काम एका जोरदार सरीत करता आलं तर उत्तम. उन्हाळ्यात करत असाल तर भिंतीवरच्या शेवाळाच्या रेषा, खचलेले पेव्हर आणि जाळीभोवती साचलेली बारीक माती यांवरून पाण्याची वाट कळते. शेजारच्या प्लॉटमधून येणारं पाणीही मांडा. १८८२ च्या ईझमेंट (सुविधाधिकार) कायद्याच्या कलम ७ नुसार वरच्या जमिनीवरचं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खाली येत असेल, तर खालच्याला ते येऊ द्यावं लागतं. हा हक्क नैसर्गिक वाहण्याचा आहे. कोणी पाईप टाकून सगळं पाणी तुमच्या भिंतीवर सोडत असेल तर तो मुद्दा वेगळा, आणि त्याबद्दल लेखी हरकत घेता येते.

३. पातळ्या मोजा

लिफ्टच्या उंबऱ्याची पातळी १००.०० मीटर धरा. ही तुमची खूण. आता लेव्हल नळीने एकेक पातळी घ्या: आवारातली सर्वात खोलगट जागा, प्रत्येक चेंबरचा तळ, गेटचा उंबरा, रस्त्याचा मध्य आणि बाहेरच्या पालिकेच्या चेंबरचा तळ. पालिकेचं झाकण परस्पर उघडू नका. वॉर्ड ऑफिसला पत्र देऊन त्यांच्या माणसासमोर माप घ्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला किंवा ती कुठे दुमडली तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे ना ते बघा. आवार मोठं असेल तर सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) एका दिवसात हे काम करून घ्या.

आता एक उदाहरण. तुमच्या शेवटच्या चेंबरचा तळ ९८.९० आणि १२ मीटरवरच्या पालिकेच्या चेंबरचा तळ ९८.७५. म्हणजे १२ मीटरला १५ सेंटीमीटर उतार, साधारण १:८०. कागदावर उत्तम. पण भर पावसात बाहेरचं गटार भरून वाहतं तेव्हा त्यातलं पाणी ९९.४० ला असतं, आणि तुमच्या आवारातली खोलगट जागा ९९.३० ला. त्या तासात उतार उलटा होतो आणि रस्त्याचं पाणी तुमच्याच पाईपातून आत येतं. पाईप कितीही मोठा टाकला तरी फरक पडत नाही. उलट पाणी लवकर आत येतं.

म्हणून बाहेरच्या गटाराचा तळ बघून थांबू नका. पावसात तिथे पाणी किती चढतं, ते मोजा. चेंबरच्या आतल्या भिंतीवर मळीची रेषा असते, तिची उंची घ्या. ही एक पातळी सगळ्या कामाची दिशा ठरवते. ती आवाराच्या खाली असेल तर काम उताराने भागेल. ती वर असेल तर सातव्या पायरीतले उपायही लागतील.

४. पाण्याचा हिशेब करा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यातलं वाहून किती जातं, ते पृष्ठभागावर ठरतं. गच्चीवरून ०.९, काँक्रीट आणि पेव्हरवरून ०.८, बागेतल्या मातीवरून ०.३ हिस्सा धरा.

२००० चौरस मीटरचा प्लॉट घेऊ: गच्ची ७००, पेव्हर १०००, बाग ३००. गुणाकार करून बेरीज ६३० + ८०० + ९० = १५२० येते. तासाला ६० मिमी पाऊस धरला तर १५२० × ६० ÷ ३६०० = सेकंदाला सुमारे २५ लिटर. तासाभरात ९१ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी नऊ टँकर. तासाला १०० मिमी धरला तर सेकंदाला ४२ लिटर.

किती धरायचा? मुंबईचं जुनं पर्जन्यवाहिन्यांचं जाळं तासाला २५ मिमीच्या हिशेबाचं होतं. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ते ५० मिमीपर्यंत नेण्याचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. तसल्या दिवसासाठी सोसायटी गटार बांधू शकत नाही. पण आवाराच्या आत मात्र १०० मिमीचाच हिशेब धरा. दहा-पंधरा मिनिटांची सर तासाच्या सरासरीपेक्षा खूप तिखट असते, आणि छोट्या आवाराला तीच बुडवते.

आता पाईप किती वाहून नेतो ते पाहा. आकडे पाईप स्वच्छ आणि पूर्ण भरलेला असतानाचे:
- १५० मिमी पाईप, मीटरला १ सेंटीमीटर ढाळ: सेकंदाला सुमारे १५ लिटर
- २२५ मिमी, तोच ढाळ: ४५ लिटर, ढाळ निम्मा केला तर ३२
- ३०० मिमी, मीटरला ५ मिलिमीटर ढाळ: ६८ लिटर

३०० × ३०० च्या उघड्या काँक्रीट गटारात त्याच ५ मिलिमीटर ढाळावर, वर पाच सेंटीमीटर जागा सोडून, ७३ लिटर पाणी जातं. तळाशी दहा सेंटीमीटर गाळ बसला की तेच गटार ३८ वर येतं. म्हणजे वरच्या प्लॉटसाठी हे गटार पुरेसं आहे, फक्त ते साफ हवं. नवं गटार बांधण्याआधी सळी खुपसून गाळ मोजा, तो याचसाठी.

५. सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगळं आहे का, तपासा

बाथरूम आणि किचनच्या मोऱ्यांत, टॉयलेटमध्ये खाण्याचा रंग घालून दोन बादल्या पाणी ओता. पावसाच्या चेंबरमध्ये रंग दिसला तर लाईन मिसळलेली आहे. नंतर उलटी तपासणी: गच्चीवरून रंगीत पाणी सोडा आणि ते ड्रेनेजच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरमध्ये उतरतं का बघा.

हे उलटं जोडकाम फार ठिकाणी सापडतं. डाऊनटेक जवळच्या ड्रेनेज चेंबरमध्ये सोडून दिला की प्लंबरची दहा मीटर खोदाई वाचते. मग पहिल्या मोठ्या सरीला मैल्याची लाईन भरते आणि तळमजल्याच्या टॉयलेटमधून उलटं पाणी वर येतं. दुकानदाराची तक्रार ‘पाणी तुंबलं’ अशी येते आणि सगळे बाहेरच्या गटाराकडे बोट दाखवतात. दोन्ही लाईन वेगळ्या केल्याशिवाय पुढचा कुठलाही खर्च करू नका.

६. वरून खाली या: गच्ची, मग आवार

गच्चीचा ढाळ मीटरला एक सेंटीमीटर हवा. भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलसर कड) सलग हवा, आणि डाऊनटेकच्या तोंडाशी खोलगट खुर्रा (पाणी पाईपाकडे वळवणारा खळगा). सपाट जाळी काढून टाका; एक प्लॅस्टिकची पिशवी तिला पूर्ण झाकते. घुमटाकार जाळी बसवा. कठड्याला, गच्चीच्या पातळीपासून पाचेक सेंटीमीटर वर, बाहेर उघडणारा ओव्हरफ्लो पाईप ठेवा. तो वाहताना दिसला की डाऊनटेक तुंबल्याचं खालूनच कळतं.

पाईपांची संख्या मोजून बघा. प्लंबिंगच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे तासाला १०० मिमी पावसात १०० मिमीचा एक पाईप सुमारे ४२ चौरस मीटर गच्ची सांभाळतो. ७०० चौरस मीटरला सतरा पाईप झाले. तुमच्याकडे आठ असतील तर सरीच्या वेळी गच्चीवर पाणी चढणारच, आणि वरच्या मजल्याची गळती वॉटरप्रूफिंगने पूर्ण थांबणार नाही.

आवारात डाऊनटेकचं पाणी थेट पाईपात न घालता आधी गाळचेंबरमध्ये घ्या: बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या तळापेक्षा ३०० मिमी खोल चेंबर, म्हणजे माती तिथेच बसते. पाईप वळतो त्या प्रत्येक ठिकाणी चेंबर हवं. सरळ लाईनवरही १५ मीटरच्या पुढे अंतर जाऊ देऊ नका, नाहीतर बांबू किंवा रॉड पोचत नाही. गटारावर सलग काँक्रीट ओतू नका. उचलता येतील असे मीटर-मीटरचे स्लॅब टाका, हुकसह.

पेव्हरबद्दल एकच, पण महत्त्वाचं. जुन्या पेव्हरवर नवे पेव्हर बसवायला कंत्राटदार सुचवतील, कारण उपसायची मजुरी वाचते. आवार आठ-दहा सेंटीमीटर वर येतं आणि पाणी दुकानांच्या उंबऱ्याला, जिन्याला, मीटर रूमला टेकतं. भिंतीतली ओल रोखणारा थर जमिनीखाली गेला तर तळमजल्याच्या भिंती कायमच्या ओल्या राहतात. जुने उपसूनच नवे बसवा, आणि ढाळ इमारतीपासून गटाराकडे ठेवा.

दुकानांच्या बाजूला दोन गोष्टी बघा. पायऱ्या आणि दुचाकी चढवायचे रॅम्प गटारावर पक्के बांधलेले असतात. ते काढता येतील असे लोखंडी करून घ्या. खाद्यपदार्थांचं दुकान असेल तर तेलकट पाण्यासाठी ग्रीस ट्रॅप बसवायला लावा आणि त्याची जोडणी ड्रेनेजला करा. पावसाच्या गटारात तेल गोठलं की त्याला माती चिकटते, आणि तो थर पाण्याच्या जोराने सुटत नाही.

कंपाऊंड भिंतीने माती अडवलेली असेल तर तिच्यात दीड-दोन मीटरवर ७५ मिमीचे पाईप आरपार हवेत आणि मागे खडीचा थर. पाणी भिंतीमागे कोंडलं की त्याचं वजन भिंतीवर येतं. २०१९ च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला भिंती कोसळून कितीतरी माणसं गेली. भिंत बाहेर कललेली किंवा आडवी तडकलेली दिसली तर आधी पलीकडच्यांना हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

७. रस्ता उंच, आवार खाली असेल तर

तीन उपाय एकत्र लागतात, एकट्याने कुठलाच पुरत नाही.

गेटपाशी आडवा उंचवटा, १०-१५ सेंटीमीटर, आणि त्याच्या आतल्या बाजूला जाळीचं आडवं गटार. रस्त्यावरचं वाहतं पाणी इथे अडतं.

बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या तोंडाला झडपेचा व्हॉल्व्ह. बाहेरचं पाणी चढलं की तो बंद होतो. त्याच वेळी तुमचंही पाणी आत अडतं, हे लोक विसरतात. समुद्राजवळच्या वस्तीत मोठ्या भरतीच्या वेळी ही अडचण काही तास टिकते, महापालिका ४.५ मीटरवरच्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते, तो तक्ता वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवा.

अडलेल्या पाण्यासाठी सम्प (पाणी गोळा करायची जमिनीखालची टाकी) आणि पंप. सगळ्या आवाराचं, सेकंदाला ४२ लिटर, पंपाने काढायच्या भानगडीत पडू नका. गच्चीचं पाणी आवारातून न फिरवता वेगळ्या बंद पाईपाने बाहेर न्या. ते उंचावरून येतं, त्यामुळे बाहेरचं पाणी चढलेलं असतानाही स्वतःच्या दाबाने जातं. या पाईपाला आवारात कुठेही उघडी जाळी किंवा सैल झाकणाचं चेंबर ठेवू नका, नाहीतर पाणी तिथून वर येईल. त्याचं गाळचेंबरही बोल्टच्या घट्ट झाकणाचं घ्या. पंपाला उरतो फक्त खोलगट भाग.

बेसमेंटचा रॅम्प घ्या: १५ × ६ मीटर, म्हणजे ९० चौरस मीटर. तासाला १०० मिमी पावसात, उतारामुळे इथे ०.९ हिस्सा धरून, सेकंदाला सव्वादोन लिटर. वरच्या भिंतीवर आपटून येणारं पाणी धरून चार लिटर, म्हणजे मिनिटाला २४० लिटरचा पंप घ्या, आणि असे दोन घ्या. एक बंद पडतोच, आणि तोही पावसातच. पंप निवडताना दुकानदाराला फक्त हॉर्सपॉवर सांगू नका. किती मीटर उंचीवर मिनिटाला किती लिटर हवं ते सांगा आणि पंपाचा तक्ता मागा.

सम्पचा आकार वीज जाण्याच्या हिशेबाने ठरवा. सव्वादोन लिटर वेगाने हजार लिटरचा सम्प साडेसात मिनिटांत भरतो. जनरेटर सुरू करायला माणूस खाली येईपर्यंत पाणी गाड्यांखाली पोचलेलं असतं. तीन हजार लिटरचा सम्प वीस-बावीस मिनिटं देतो. पंप जनरेटरच्या लाईनवर घ्या. पॅनल कमरेच्या वर बसवा, सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. पंपाच्या पाईपाला नॉन-रिटर्न (पाणी उलटं येऊ न देणारा) व्हॉल्व्ह हवा आणि पाईपाचं वळण रस्त्यावरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यायला हवं.

८. शोषखड्ड्याकडून काय अपेक्षा ठेवावी

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ते करावंच, बोअरला त्याचा उपयोग होतो. पण पाणी तुंबण्यावर तो उपाय नाही. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा दगड-खडीने भरला की त्यात पाण्याला जेमतेम तीन हजार लिटर जागा उरते. वरच्या हिशेबातल्या सेकंदाला २५ लिटरने तो दोन मिनिटांत भरतो. म्हणून प्रत्येक खड्ड्याला गटारात जाणारा ओव्हरफ्लो लागतोच.

काळ्या मातीत खड्डा करू नका, पाणी मुरत नाही आणि माती फुगते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. इमारतीच्या पायापासून आणि सेप्टिक टँकपासून लांब ठेवा. बोअरमध्ये फक्त गच्चीचं, गाळलेलं पाणी सोडा, तेही पहिल्या सरीचं वगळून. पार्किंगमधलं तेलकट पाणी एकदा भूजलात गेलं की परत काढता येत नाही.

९. सफाई कशी करून घ्याल, आणि माणूस आत का उतरवायचा नाही

बंद चेंबर किंवा सम्पमध्ये कोणालाही उतरवू नका. मिसळलेल्या लाईनमध्ये हायड्रोजन सल्फाईड साचतो. जास्त प्रमाणात तो वास न कळताच माणसाला बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरलेलाही जातो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस असुरक्षितपणे उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. जेटिंग आणि सक्शनची (दाबाच्या पाण्याने गाळ सोडवून ओढून घेणारी) गाडी मागवा, खर्च सोसायटीने करावा. झाकण उघडं असेपर्यंत तिथे माणूस आणि कठडा ठेवा. झाकणाखाली आणखी एक लोखंडी जाळी बसवली तर उत्तम. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला.

काढलेला गाळ त्याच दिवशी उचलून न्यायची अट कंत्राटात लिहा. काठावर वाळत ठेवलेला गाळ पहिल्या सरीला परत आत जातो. पावसाळ्यात गच्चीच्या जाळ्या दर आठवड्याला, गाळचेंबर महिन्याला, आणि पंप दर रविवारी बादलीने पाणी ओतून चालवून बघावा. गाळचेंबरमध्ये पाणी उभं राहतं, तिथे डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट बसलं पाहिजे.

१०. परवानगी आणि बिल

स्वतःच्या हद्दीतलं गटार दुरुस्त करायला ठराव पुरतो. पालिकेच्या पर्जन्यवाहिनीला नवी जोडणी किंवा मोठा पाईप टाकायचा असेल तर वॉर्ड ऑफिस किंवा क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी, परवानाधारक प्लंबर आणि रस्ता खोदाईची वेगळी मंजुरी लागते. पावसाळ्यात रस्ता खोदायची मंजुरी मिळणं अवघड, म्हणून अर्ज एप्रिल संपायच्या आत द्या. अर्जाला पातळ्यांचा तक्ता जोडा. ‘पाणी साचतं’ या वाक्यावर इंजिनिअर काही करू शकत नाही. ‘बाहेरच्या वाहिनीतलं पाणी आमच्या आवारापेक्षा १० सेंटीमीटर वर चढतं’ यावर त्याला पाहणी करावी लागते. पोच घ्यायला विसरू नका.

कंत्राटात एकगठ्ठा रक्कम ठरवू नका. पाईपाचे मीटर, चेंबरची संख्या, खोदाईचे घनमीटर असे मोजमापाने दर घ्या आणि प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी त्यात लिहा. माती भरण्याआधी लाईनचे फोटो आणि लेव्हल नळीने पुन्हा मोजणी. दहा टक्के रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा. शेवटच्या बिलाआधी टँकर मागवा, सर्वात लांबच्या चेंबरमध्ये पाणी सोडा आणि प्रत्येक झाकण उघडं ठेवून पाणी पुढे सरकतं का बघा. टँकर रिकामा झाल्यावर अर्ध्या तासाने, गाळासाठी ठेवलेली खोली सोडून, एखाद्या चेंबरमध्ये पाणी उभं असेल तर तिथला ढाळ उलटा पडला आहे. तेवढा भाग उकरून घ्या, मगच सही करा.